शेवटून पहिले

आमचे दाजी चहा ओततात तेव्हा पाहुण्यांनी गप्प बसायचं असतं. सगळे कप टेबलावर एका रांगेत मांडायचे, किटलीतून प्रत्येकात थोडा थोडा ओतायचा, मग गुडघ्यांवर बसून डोळा टेबलाच्या पातळीला आणून बघायचं. एखाद्या कपात नखाएवढा जास्त दिसला की चमच्याने काढून शेजारच्यात. एवढं होईपर्यंत चहा पार गार. पण सगळ्यांचा सारखाच गार, याचं दाजींना कोण समाधान! माझी ताई लग्न झाल्यापासून तो चहा पीत आली आहे. मी पहिल्याच वर्षी शहाणा झालो. त्यांच्याकडे जायचं असलं की मी घरून चहा पिऊन निघतो.

दाजी बायकांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या कचेरीत नोकरीला होते. समतोल समितीचे सचिव. असंही पद असतं यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण होतं, आणि त्या पदासाठी देवाने दाजींशिवाय दुसरा माणूस घडवलाच नव्हता. सामन्याला गेले की दोन्ही संघांना सारख्या टाळ्या. एका बाजूला चुकून जास्त वाजवल्या असं वाटलं तर मध्यंतरात, मैदान रिकामं असताना, राहिलेल्या टाळ्या एकटेच वाजवून हिशेब पुरा करायचे. शेजारी मी बसलेला असायचो. लोक वळून बघायचे. मी बुटांची लेस बांधायला खाली वाकायचो.

बुटांवरून आठवलं. माझं बुटांचं दुकान आहे आणि लीगमधल्या बहुतेक पोरी माझ्याकडेच येतात, कारण बायकांच्या पायाला एवढ्या मोठ्या मापाचे बूट दुसरं कोणी ठेवत नाही. माणूस बूट घालून बघताना खूप बोलतो. त्यामुळे दाजींच्या लीगमध्ये खरं काय चालतं हे दाजींपेक्षा मला जास्त कळायचं. दाजींना सांगितलं तर म्हणायचे, "तुझं काय, तू बूट विक."

समिती निघाली त्याला कारण होतं. बंदरवाल्यांचा संघ दर वर्षी जिंकायचा. त्यांच्याकडे पैसा, चांगलं मैदान, चांगल्या प्रशिक्षक बाई. नवी चांगली पोर दिसली रे दिसली की ती बंदरवाल्यांकडे. बाकीचे संघ नुसते हजेरी लावायला. लोक मध्यंतरातच उठून घरी जायला लागले, तेव्हा लीगला जाग आली. दाजींनी उपाय काढला: दर वर्षी ज्या नव्या पोरी येतील त्यांतून निवडायची पहिली पाळी शेवटच्या नंबराच्या संघाची, आणि जिंकलेल्याची सगळ्यात शेवटी. निवडलेल्या पोरीने तीन वर्षं त्याच संघात खेळायचं, संघाने विकलं तरच दुसरीकडे, नाहीतर घरी बसायचं. दुबळ्याला आधी वाढा, म्हणजे तो बाळसं धरेल. कल्पना वाईट नव्हती. फक्त ती माणसांवर लावायची होती, हे दाजी विसरले.

पहिल्या वर्षी जमलं. तळाशी पडलेल्या गिरणीवाल्यांना एक झकास पोर मिळाली आणि ते वर सरकले. दाजींचे पाय जमिनीला लागेनात. इतके खूश झाले की त्यांनी तोच नियम घरी आणला.

घरात दोन मुलं. थोरली मुलगी, जिला मी लहानपणापासून शिडी म्हणतो, कारण ती आठवीतच माझ्या डोक्यावरून बघायला लागली होती. आणि धाकटा मुलगा. दाजींनी जाहीर केलं की परीक्षेत ज्याला कमी गुण पडतील त्याने सगळं आधी निवडायचं: खिडकीजवळची खोली, टीव्हीवर काय लावायचं, सुट्टीत कुठे जायचं. धाकटा मूळचाच ढ, त्याला काहीच करावं लागलं नाही. तो खिडकीतल्या खोलीत तंगड्या पसरून पडला. हुशार शिडी सामानाच्या खोलीत, जुन्या गाद्यांशेजारी. पण हुशार पोरीला नियम समजायला कितीसा वेळ लागणार? पुढच्या परीक्षेनंतर शाळेतून दाजींना बोलावणं आलं. गणिताच्या बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी आधी बरोबर उत्तर लिहिते, मग ते खोडून चुकीचं लिहिते. हे मी पहिल्यांदाच बघतेय."

दाजी घरी आले आणि हसतमुखाने म्हणाले, "दोघांमधलं अंतर कमी होतंय!"

ताईने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "आजपासून नियम बंद. कोणी बंद केला विचारलंत तर मी."

घरातला नियम बंद झाला. लीगमध्ये ताई नव्हती.

तिथे सगळ्यांनाच अक्कल आली होती. शेवटून दुसरं येण्यात काही नाही, यायचं तर शेवटून पहिलं यावं! यात सगळ्यात तरबेज निघाले बर्फवाले. त्यांचा मालक बर्फाच्या कारखान्याचा धनी. मैदान कारखान्याला लागूनच, भिंत एकच, त्यामुळे फरशीला कायम ओल. मालक गलेलठ्ठ आणि बाराही महिने घाम पुसत असलेला. हरणं हाच त्याचा धंदा. पहिल्या पाळीची पोर उचलायची, बाकावर बसवून मुरवायची आणि मग चढ्या भावाने मोठ्या संघाच्या गळ्यात मारायची. दुबळ्या संघाला लीगकडून मदत मिळायची ती वेगळीच. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असं.

एकदा हंगामाच्या शेवटी दाजी मला गिरणीवाले विरुद्ध बर्फवाले या सामन्याला घेऊन गेले. गिरणीवालेही एव्हाना पुन्हा खाली आले होते, म्हणजे दोन्ही तळाचे संघ. हरेल त्याला पहिली पाळी. असा सामना मी जन्मात बघितला नाही. बॉल पास करताना पोरी समोरच्या संघातली पोर नीट बघून तिच्याच हातात देत होत्या. गिरणीच्या एका नव्या पोरीने सवयीने लांबून बॉल टाकला आणि तो गेला की बास्केटमध्ये! तिच्या प्रशिक्षकाने कपाळाला हात लावला. पोर धावत जाऊन त्याची माफी मागून आली. बर्फवाल्यांची सगळ्यात उंच पोर घोट्याला पट्टी बांधून बाकावर. त्याच सकाळी तिने माझ्याकडून बूट घेतले होते आणि ते चावतात का बघायला आख्खी गल्ली पळून आली होती.

मी दाजींना तसं सांगितलं.

"तिच्याकडे डॉक्टरचा दाखला आहे," दाजी म्हणाले.

"अहो, तुमच्याच नियमात कलम आहे ना? शंका आली तर सचिवाने लीगच्या डॉक्टरकडून तिथल्या तिथे तपासून घ्यायचं. पोर धडधाकट निघाली तर तिला खेळवायचं, नाहीतर संघाची पहिली पाळी गेली."

"आहे ना कलम. मीच लिहिलंय. पण शंका यायला नको का?"

गुण बरोबरीत आले आणि शेवटच्या मिनिटाला बर्फवाल्यांच्या एका पोरीने बॉल सरळ आपल्याच बास्केटमध्ये घातला. बर्फवाल्यांच्या मंडळींनी टोप्या उडवल्या. दाजी दोन्ही बाजूंना मोजून टाळ्या वाजवत म्हणाले, "बघितलंस? शेवटपर्यंत सांगता येत नव्हतं!"

"काय? कोण हरणार ते?"

"चुरस ती चुरस."

मला दाजींचा राग यायचा. उंटावरचा शहाणा म्हणून हसण्यावारी न्यायचो, पण आतून राग यायचा. कारण त्या ओल्या फरशीवर आणि त्या बाकावर पोरींची वर्षं जात होती. बर्फवाल्यांनी पहिल्या पाळीत घेतलेल्या एकीचा गुडघा घसरून कायमचा गेला. दुसरी इतकी वर्षं बाकावर बसली की तिला कोणी विकतही घेईना. ती आता माझ्या दुकानात काम करते. वरच्या फळीवरचे खोके काढायला तिला स्टूल लागत नाही. गिऱ्हाइकं कौतुकाने बघतात. मला बघवत नाही.

आणि मग आमच्या शिडीची पाळी आली.

एव्हाना ती नव्या पोरींमध्ये सगळ्यांत चांगली खेळाडू झाली होती. मामा म्हणून नाही सांगत, सगळे म्हणत. तिचं एकच स्वप्न, बंदरच्या प्रशिक्षक बाईंच्या हाताखाली खेळायचं. पण पहिली पाळी बर्फवाल्यांची, आणि अजूनही जिंकणाऱ्या बंदरवाल्यांची सगळ्यात शेवटी. दाजींच्याच नियमाने. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्या रविवारी आम्ही सगळे दाजींसमोर बसलो.

"बाबा, नियम बदला," शिडी म्हणाली. "जो संघ सारखा शेवटचा येतो त्याला पहिली पाळी देऊ नका. एवढंच. तुमच्या समितीतले लोकसुद्धा हेच म्हणतात."

"बदलू की. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी ती तिथे जाऊन बसलेली असेल!" मी ओरडलो.

"म्हणून तर पुढच्या वर्षी. आत्ता बदलला तर लोक म्हणतील, पोरीसाठी बदलला."

"आणि पोरीसाठी बापाने काही करायचंच नाही?" ताईने विचारलं.

दाजींनी किटली उचलली आणि कप रांगेत लावायला घेतले. पालथ्या घड्यावर पाणी. शिडी उठून आत गेली आणि तिचा चहा सगळ्यांच्याइतकाच गार होत टेबलावर राहिला.

पण पोर त्याच घरात वाढलेली. निवडीआधी सगळ्या संघमालकांसमोर नव्या पोरींचा चाचणीचा खेळ असतो. त्यात शिडीने जे दिवे लावले ते बघून मी थक्क झालो. एकही बॉल बास्केटमध्ये गेला नाही. पास चुकले, पाय अडखळले. गणिताचा पेपर पुन्हा सुरू झाला होता, हे माझ्या लगेच लक्षात आलं. नापास झालं की मागे पडायचं, कोणी हात लावणार नाही, आणि शेवटच्या पाळीला बंदरच्या बाई उचलतील. मी मनात म्हटलं, शाब्बास. दाजींचा मात्र चेहरा उतरला. "पोरीचा आजचा दिवसच वाईट," एवढंच पुटपुटत राहिले. इतकी वर्षं मुद्दाम हरणारे संघ बघून ज्याला कधी काही दिसलं नाही, त्याला घरातलं काय दिसणार?

बर्फवाला मालक घाम पुसत आमच्या शेजारी येऊन बसला.

"पोरगी फार गुणी आहे हो तुमची," तो दाजींना म्हणाला.

"कसली गुणी? सगळे बॉल चुकले."

"तेच म्हणतोय मी. प्रत्येक बॉल कडेला अर्धा इंच सोडून जातोय. दर वेळी अर्धाच. एवढा नेम असल्याशिवाय इतकं चुकता येत नाही साहेब. माझं आयुष्य गेलंय हे बघण्यात."

चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी त्याने पहिल्या पाळीला शिडीचं नाव घेतलं. शिडी हातात तोंड लपवून रडली आणि दाजी मला म्हणाले, "पहिली निवड! माझी मुलगी!" त्या वेळी हाताशी किटली असती तर मी ती त्यांच्या डोक्यावर ओतली असती, आणि समतोल वगैरे काही बघितला नसता.

हंगाम सुरू झाला. शिडीला खोटं खेळायचा कंटाळा आला असावा, किंवा तो तिचा स्वभावच नव्हता. ती जीव तोडून खेळली आणि बर्फवाले चक्क जिंकायला लागले. मालकाची झोप उडाली. आयुष्यभराची कमाई ही पोर एका हंगामात घालवणार! मग एका सकाळी शिडीचा गुडघा दुखायला लागला. म्हणजे तिला तसं सांगण्यात आलं. दाखलाही तयार होता. शिडी बाकावर आणि संघ पुन्हा खाली, जिथे मालकाला हवा होता तिथे.

ती माझ्या दुकानात आली. दुकानात काम करणाऱ्या, त्या बाकावर मुरलेल्या पोरीने तिला बसायला स्टूल दिलं. शिडी म्हणाली, "नको. बसूनच असते." दोघी मिळून खोके लावत राहिल्या. मी गल्ल्यावर बसून उगाच पावत्या चाळत होतो, कारण मला रडू येत होतं.

त्याच संध्याकाळी तिने बापाला सांगितलं, "बाबा, माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही."

"पण दाखला आहे ना?"

"दाखल्याला गुडघा नसतो बाबा. मला आहे."

दाजी नेहमीसारखा चहा ओतायला बसले. एका कपात अगदी कमी पडला. ते त्यांच्या लक्षातच आलं नाही.

हंगामाचा शेवटचा सामना पुन्हा तोच, गिरणीवाले आणि बर्फवाले, हरेल त्याला पहिली पाळी. दाजी, ताई आणि मी सज्जात. दाजींनी सुरुवातीपासून एकाही बाजूला टाळी वाजवली नाही. बॉलकडे बघतही नव्हते. ते बाकाकडे बघत होते. शिडी डोक्यावर टॉवेल घेऊन, लांब पाय पोटाशी घेऊन बसली होती. एवढी उंच पोर, पण तिथे लहान दिसत होती.

खेळ थांबलेला असताना बॉल घरंगळत बाकापाशी गेला. शिडीने टॉवेल फेकला, उडी मारून बॉल उचलला आणि सवयीने, विचार न करता, तिथूनच फेकला. बॉल कडेला न शिवता बास्केटमधून खाली आला. सज्जातले लोक हसले, शिट्ट्या मारल्या. प्रशिक्षकाने तिला दंडाला धरून खाली बसवलं.

दाजी उभे राहिले. मला वाटलं, लघवीला चालले. ते पायऱ्या उतरून थेट पंचांच्या टेबलाशी गेले. मीही मागोमाग धावलो.

"हिचा गुडघा तपासा," त्यांनी लीगच्या डॉक्टरला सांगितलं.

"तिचा दाखला आहे साहेब," बर्फवाल्यांचा प्रशिक्षक म्हणाला.

"दाखल्याला गुडघा नसतो!" दाजी इतक्या मोठ्याने ओरडले की सज्जा गप्प झाला. "मी या लीगचा सचिव आहे आणि मला शंका आली आहे!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा आली, पण आली. डॉक्टरने गुडघा वाकवला, सरळ केला, दाबला. ठणठणीत. कलम दाजींनीच लिहिलेलं. प्रशिक्षकाने मालकाकडे बघितलं, मालकाने घाम पुसला, आणि शिडी मैदानात उतरली.

आधी गिरणीच्या पोरींनी तिला आनंदाने वाट करून दिली. त्यांना तेच हवं होतं. शिडीने एकदा बास्केट केलं, दोनदा केलं. तिसऱ्यांदा ती बॉल घेऊन थांबली आणि समोरच्या पोरीला म्हणाली, "अगं, अडव तरी!" ती पोर म्हणजे मागे माफी मागून आलेलीच. तिने एकदा आपल्या प्रशिक्षकाकडे बघितलं आणि मग खरंच हात पसरून आडवी आली. शिडीचा बॉल तिने हिसकावला. सज्जा ओरडला. आणि काय झालं कोण जाणे, दहाच्या दहा पोरी हरायचं विसरून खेळायला लागल्या. दोन्ही प्रशिक्षक कडेला हातवारे करून बोंबलत होते, त्यांच्याकडे कोणी बघेना. मध्यंतर होऊन गेलं तरी एकही माणूस घरी गेला नाही. त्या लीगमध्ये मी पहिल्यांदा बास्केटबॉल बघितलं.

बर्फवाले एका बास्केटने जिंकले. ते शेवटचं बास्केट शिडीचं. दाजी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत होते, आणि सगळ्या एकाच बाजूला. ताईने माझा दंड घट्ट धरला होता. तिचे डोळे वाहत होते.

आठवड्याभरात समितीकडे तक्रार गेली. सचिवाने आमचा संघ जबरदस्तीने जिंकवला, अशी तक्रार जिंकलेल्या संघाच्याच मालकाने केली! समितीने ती गंभीरपणे ऐकून घेतली. संघाचं मोठं नुकसान झालं होतं, हे सगळ्यांना पटलं. शिवाय सचिवाची स्वतःची मुलगी मैदानात, म्हणजे पक्षपात उघड. मुलगी बाकावर होती तेव्हा पक्षपात नव्हता. दाजींना काढून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यांच्या जागी, दुबळ्या संघांचा दांडगा अनुभव म्हणून, बर्फवाले मालक आले.

मला वाटलं होतं, दाजी खचतील. ते आता तिकीट काढून सामन्याला जातात. शिडीची बर्फवाल्यांकडची वर्षं अजून संपलेली नाहीत. प्रशिक्षकाने तिला बसवलं की दाजी सज्जात उभे राहतात. मागचे लोक आधी "बसा हो" म्हणून ओरडायचे. आता तेही उभे राहतात. सगळा सज्जा उभा राहिला की प्रशिक्षकाला कसंतरी होतं आणि शिडी खेळायला उतरते.

परवा सामन्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो होतो. दाजींनी किटली आणली, गुडघ्यांवर वगैरे बसले नाहीत, उभ्याउभ्याच ओतला. शिडीचा कप बशीत सांडेपर्यंत भरला. मी घाईत घोट घेतला आणि जीभ भाजली.

"माझ्या कपात निम्माच आहे," ताई म्हणाली.

"असू दे," दाजी म्हणाले. "पोर खेळून आलीय."